रस्ता काय म्हणतोय

आमच्या गाडीत चाळीसेक वर्षांत एक गाणं वाजलं नाही. कारण ऐकून लोक हसतात, मला मात्र कधी हसू आलं नाही. माझे यजमान, उल्हास, टायरच्या कंपनीत इंजिनिअर होते आणि टायरचा आवाज हेच त्यांचं काम होतं. कोणता टायर कोणत्या रस्त्यावर कसा बोलतो ते कान लावून ऐकायचं आणि सुधारायचं. मी भावगीतांची कॅसेट पर्समधून नुसती काढली की लगेच, "कांचन, जरा ऐकू दे." काय ऐकू दे? तर रस्ता! लग्नानंतर पुण्याहून मिशिगनला आले तेव्हा वाटलं, नव्या नोकरीची हौस असेल, ओसरेल. रिटायर झाले तरी ओसरली नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे बिघडले. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही, नाहीतर आहे तेवढी नजरही राहणार नाही. आणि गाडी चालवणं बंद. यांनी आपली मोठी गाडी विकली आणि किल्ली स्वतःच्या हाताने नव्या मालकाला दिली. उरली माझी छोटी लाल गाडी, फोर-व्हील ड्राइव्हची, भाजी आणि देवळापुरती वापरलेली.

दवाखाना अ‍ॅन आर्बरला. आमच्या नोव्हायहून हायवेने जावं लागतं. तिथली नर्स दर खेपेला विचारायची, आज घरी कोण नेणार? तिला ते विचारावंच लागतं. मी हात वर करायची आणि यांची मान खाली जायची. माझा जीव तुटायचा, आणि राग यायचा तो त्या बिचाऱ्या नर्सचा.

उन्हाळा निभावला. पण बर्फात मी कधी गाडी चालवलेलीच नव्हती. बर्फ पडला की हे चालवणार आणि मी शेजारी बसून देवाचं नाव घेणार, हे आमच्या घरी न ठरवताच ठरलेलं होतं. आमच्या बरोबरीच्या बहुतेक घरांत तसंच. नोव्हेंबर लागला आणि मी रोज उठून आधी हवामानाचा अंदाज बघायला लागले.

आमच्या मुलीचा, देवयानीचा, तिकडे दक्षिणेतल्या शुगर लँडहून फोन आला. तिथे घामाच्या धारा, आणि तिचा मला बर्फाचा सल्ला. "आई, फोर-व्हील ड्राइव्ह आहे ना? मग बर्फासाठी वेगळे विंटर टायर्स कशाला? उगाच स्ट्रेस घेतेस यार तू."

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "चारही चाकं जोर लावतात ती निघायला. थांबायला फक्त रबर असतं." कितीतरी दिवसांनी हे आपणहून काही बोलले होते. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "अहो, चला मग. तुम्हीच निवडून द्या."

दुकानातल्या माणसाने दोन प्रकारचे टायर समोर ठेवले. यांनी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहिलं, बाजूवरची अक्षरं काही लागली नाहीत, तेव्हा सरळ टायरवर अंगठा फिरवायला लागले. रबरातल्या बारीक चिरा नखाने मोजल्यासारख्या चाचपल्या. मग म्हणाले, हे दोन्ही थोडा वेळ बाहेर थंडीत ठेवा. तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला. "ठेवा हो," मी म्हटलं. टायर गारठल्यावर यांनी पुन्हा अंगठा दाबला, एकदा इकडे, एकदा तिकडे. गार वाऱ्यात कॉलर वर करून उभा असलेला हा माझा माणूस मला ओळखीचा वाटला. उन्हाळ्यापासून दिसला नव्हता.

"हा घे," ते म्हणाले. "थंडीतही मऊ राहतो. पकड चांगली धरेल."

"पण तो आवाज फार करतो," दुकानदार म्हणाला. "छोट्या गाडीत तर जास्तच. ग्राहक तक्रार करतात. वाटल्यास एखादा चांगला स्टीरिओ बसवून घ्या, म्हणजे ऐकू येणार नाही."

मी मनात म्हटलं, बाबा रे, कोणासमोर काय बोलतोस! आता लेक्चर सुरू होणार. पण हे टायरवरचा अंगठा काढून म्हणाले, "बसवू. स्पीकर पण चांगले घालू."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही? स्टीरिओ?"

"तुला आवडतात ना गाणी? लाव मग. स्टिअरिंग तुझ्या हातात. मी ऐकून काय करायचंय आता?"

आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडले ते असं हातात पडलं आणि मला अजिबात आनंद झाला नाही. वाटलं, हा माणूस एकेक वस्तू परत करून उठायच्या तयारीत आहे. आधी किल्ली, आता कान. तिथेच ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. स्टीरिओ बसला, चारही दारांत स्पीकर बसले, आणि आवाज इतका सुरेख की मला अजूनच वाईट वाटलं.

डिसेंबरच्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस होता, अंगाला लागला की सुईसारखा टोचणारा. मी गाडी काढायला गेले तर हे गॅरेजमध्ये उभे. "घरात लिंबं आहेत का?"

दर दसऱ्याला मी गाडीची पूजा करून चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि दर दसऱ्याला हे चिडवायचे, लिंबाने ग्रिप वाढत नाही म्हणून. आज स्वतः वाकून, चाचपडत, त्यांनी चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. त्यांना माझी काळजी वाटत होती, मला त्यांची. लिंबं चिरडून आम्ही निघालो.

हायवेवर मी गाणं लावलं. बाई गात होती आणि मी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं दुखायला लागली. रस्ता काळा, ओला, चकचकीत. त्यातलं पाणी कुठलं आणि बर्फ कुठला, काही कळेना. शेजारी हे हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे बसलेले. अचानक मला सगळ्याचा संताप आला. त्या गाण्याचा, डोळ्यांचा, यांच्या त्या शहाण्यासारख्या बसण्याचा. मी स्टीरिओ बंद केला.

"अहो, मला काही दिसत नाहीये. रस्ता काय म्हणतोय ते सांगा."

त्यांनी हळूच काचेकडे कान केला.

"ओला आहे," ते म्हणाले. "चाकांखाली पाणी उडतंय, सळसळ ऐकू येतेय ना? ती आहे तोवर भिऊ नकोस. चालव."

मी चालवत राहिले. त्यांचे नवे टायर खरंच मोठ्याने बोलत होते. ह्युरॉन नदीच्या पुलाजवळ आलो तेव्हा ते एकदम ताठ झाले.

"थांबली. सळसळ थांबली, खाली बर्फ आहे. पाय उचल. ब्रेक नको, ब्रेक लावायचा नाही. स्टिअरिंग सरळ धर."

मला रस्ता होता तसाच दिसत होता. तरी पाय उचलला. गाडी हळूहळू मंदावली आणि पुलावर जाताना मागची बाजू किंचित हलली, मग सावरली. पुढे एक मोठा ट्रक कठड्याला आडवा लागून उभा होता, त्याचा ड्रायव्हर बाहेर फोनवर बोलत होता. आम्ही त्याच्या शेजारून मुंगीच्या पावलांनी गेलो.

"आली," हे म्हणाले. "पाणी परत आलं. आता जा."

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली आणि मी रडले, चांगली हुंदके देऊन. यांनी माझा हात शोधला, आधी गिअर सापडला, मग हात. "बर्फात पहिल्याच खेपेला छान चालवलीस गं," ते म्हणाले. मला खोटं कौतुक चालत नाही, पण ते खोटं नव्हतं.

आत नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला, आज घरी कोण नेणार? मी सवयीने हात वर करायला गेले. यांनी तो धरून खाली ठेवला आणि मान वर केली.

"ही चालवते," त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "आणि मी ऐकतो."

नर्सला काही कळलं नाही. तिने फॉर्मवर फक्त माझं नाव लिहिलं, आणि मी तिला दोघांचंही लिहायला लावलं.