तरंगण्यापुरतं

उन्हाळी शिबिरांची तीन पत्रकं पिंपळवंडीच्या आशाच्या घरी आठवडाभर टीव्हीपाशी पडून होती. एक इंग्रजी बोलण्याचं, एक नाचाचं आणि एक घोडेगावचं, पोहण्याचं. दहा वर्षांची दिशा रोज पोहण्याचं वर काढून ठेवी आणि आशा ते पुन्हा खाली सारी.

"इंग्रजीलाच घालू तिला," आशा नवऱ्याला म्हणाली.

"घाल की. पर पोरीला इचारलं का?" मच्छिंद्र म्हणाला. आशाला पाण्याची भीती का वाटते, हे त्याला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी शेजारचे सावळेराम मोटारीच्या पाइपात अडकलेलं शेवाळ काढायला शेततळ्यात उतरले होते. बांधापलीकडे आशा टोमॅटो तोडत होती. हाक ऐकून ती धावली. सावळेरामांना पोहता चांगलं येत होतं. पण तळ्याला अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून पाय सटकायचा, वर चढता येईना. आशाने ठिबकची नळी फेकली, ती आखूड पडली. दुसरी घेऊन आली तोवर पाणी शांत झालं होतं. आपण तिथे होतो, हे तिने दिशाला कधी सांगितलं नव्हतं.

दिशा हटून बसली नाही. एवढंच म्हणाली, "आई, तू एकदा बघून तरी ये."

रविवारी आशा एसटीने घोडेगावला गेली. तलावावर तेजस्विनी नावाची तरुण शिक्षिका होती, गळ्यात शिट्टी. आशाने सरळ विचारलं, "इथं शिकली तर शेततळ्यातून वर येईल का माझी पोरगी?"

"नाही येणार, ताई," तेजस्विनी म्हणाली. "ओल्या प्लॅस्टिकवरून मलाही येता येणार नाही. तिथे दोरच लागतो. मी तिला पाण्यावर उताणं पडून राहायला शिकवीन. कुणी येईपर्यंत."

"किती वेळ?"

"घाबरली नाही तर बराच वेळ."

आशा काठावर तासभर बसली. पाण्यात सात-आठ मुली हात पसरून निवांत पडल्या होत्या. त्या दिवशी आपण सावळेरामांना "हात मारा, हात मारा" म्हणून ओरडत होतो, हे तिला आठवलं. मग उठून तिने दिशाचं नाव घातलं.

घरी आल्यावर तिने मुलीला सावळेरामांचं सगळं सांगितलं.

"काका तुला काय म्हणाले?" दिशाने विचारलं.

"दोर आण म्हणले."



दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रने बेल्ह्याहून जाड नायलॉनचा दोर आणला. तळ्याला दोर बांधू, असं सांगायला आशा सावळेरामांच्या बायकोकडे गेली. मंगल अंगणात कांदे निवडत होती.

"आता बांधून काय व्हणार?" ती मान वर न करता म्हणाली. पण थोड्या वेळाने स्वतःच पहार घेऊन तळ्यावर आली. आशा, मच्छिंद्र आणि मंगल अशा तिघांनी मिळून चारी बाजूंना खुंट ठोकले, दोराचे चार तुकडे करून त्यांना बांधले, हातभर अंतरावर गाठी मारल्या आणि टोकं पाण्यात सोडली.

दिशा घोडेगावला मावशीकडे राहिली. पाचव्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, मी आज शंभर म्हणेपर्यंत पडून राहिले. नाकात पाणी गेलं लई."

"मग? घाबरली का?"

"थोडीशी. पण हलले न्हाई."

"बरं केलंस. जेवलीस का?"