पांढऱ्याशुभ्र फोडी

मित्रांनो, मी एक जुना काचेचा वाडगा आहे. भट्टीत वितळलो, साच्यात बसलो आणि गवतात गुंडाळून दुकानात आलो. तिथून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं विकत घेतलं. तिला एक मुलगा आणि एक मुलगी होती. दोघंही तिला आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणतो.

आई सकाळी लवकर उठून मुलांच्या डब्यासाठी सफरचंद कापायची. माझ्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर मीठ विरघळवायची आणि फोडी पाच मिनिटं बुडवून ठेवायची. मधल्या सुट्टीत इतर मुलांच्या फोडी काळवंडलेल्या असायच्या आणि आमच्या जणू आत्ताच कापलेल्या. "तुझी आई काय जादू करते गं?" असं मुली विचारायच्या म्हणे. हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. काचेला मांस कुठलं, पण तुम्ही समजून घ्या.

पुढे मुलगी लग्न होऊन परगावी गेली आणि घरात सून आली. आईनं तिला सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. मिठाच्या पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकून घट्ट झाकण लावलं, तर फोडी दिवसभर पांढऱ्या राहतात, हेही शिकवलं.

मग एकदा मशीनवर बसल्या बसल्या आईची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "यांना आता चावता यायचं नाही. फळ शिजवून, कुस्करून, चमच्याचमच्यानं भरवा. वेळ लागेल." हे मुलानं आणि सुनेनं ऐकलं, परगावच्या मुलीला मात्र कुणी सांगितलं नाही. महिनाभर सुनेनं भरवलं. मी खोटं बोलणार नाही. मग ती कंटाळली. सकाळ-संध्याकाळ कपभर दूध तोंडात ओतलं की तिचं काम संपायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून मला मात्र फोडींनी भरून उशाशी ठेवलं जायचं. करकरीत, आईला कधीच चावता न येणाऱ्या फोडी. पोटात कावळे ओरडत असताना ती दिवसभर माझ्याकडे बघत पडायची. संध्याकाळी मुलगा कामावरून आला की मला उचलून टीव्हीसमोर न्यायचा. "आज गोड निघालंय सफरचंद," म्हणायचा. आईनं खाल्लं का, हे त्यानं कधी विचारलं नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं.

एका दुपारी मुलगी अचानक भेटायला आली. फोडी काळ्या पडल्या होत्या.

"वहिनी, या सकाळपासून तशाच आहेत का?"

"छे हो ताई, आत्ताच कापल्या. हवेनं पडतात काळ्या."

मुलीनं ऐकून घेतलं, पण जाताना दोनदा वळून पाहिलं. त्या दोन्ही वेळा आईचे डोळे चमकले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात मीठ आलं, लिंबू आलं, वर झाकण आलं. गुरूची विद्या गुरूलाच. आईनं ते सगळं पलंगावरून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या वेळी मुलगी आली, तेव्हा आईचा नुसता सापळा उरला होता. सुनेनं झाकण काढलं. फोडी पांढऱ्याशुभ्र होत्या.

"किती वाळली हो ही."

"काय करू ताई? दर तासाला ताजं कापते. तोंडच उघडत नाहीत."

मुलीनं एक फोड आईच्या ओठांशी नेली. आईनं अधाशासारखं तोंड उघडलं, फोड चोखली, चावायला गेली, तर ती घशाशी अडकली. ठसका लागून फोड चादरीवर पडली. आईनं डाव्या हातानं मला जोरात ढकललं. हे सगळं खोटं आहे, एवढंच तिला लेकीला सांगायचं होतं.

"बघितलंत?" सून म्हणाली. "रोजचंच आहे हे."

मुलगी आईवर चिडली. "आई, वहिनी तुझ्यासाठी मरमर मरतायत आणि तू अशी वागतेस? शोभतं का तुला?"

मग तिनं वहिनीचा हात हातात घेतला. मागच्या खेपेला संशय घेतला म्हणून माफी मागितली. बोलता बोलता दोघींनी माझ्यातल्या फोडी संपवल्या. आई बघत होती.

ती त्यानंतर अकरा दिवस जगली. घरी आलेले लोक म्हणाले, सुनेनं नाव काढलं, शेवटपर्यंत उशाशी ताजं फळ होतं. मी पडलो काचेचा. माझ्यात काय आहे ते सगळ्यांना दिसायचं आणि सगळ्यांनी तेवढंच पाहिलं.

मित्रांनो, मला जपून वापरा, असं माझं मागणं नाही. मी फुटलो तरी चालेल. पण कुणा आजाऱ्याच्या उशाशी फळांनी भरलेलं भांडं दिसलं, तर त्या फळाचा रंग बघू नका. एक घास मऊ करा, स्वतःच्या हातानं भरवा आणि तो गिळून होईपर्यंत तिथून उठू नका.