पुंजारामचा दम

कोपरगावात कुणी गोदावरीत बुडालं, की आधी पुंजारामला बोलावणं यायचं. तो दम भरून तळाशी जायचा, गाळ चाचपायचा आणि माणूस घेऊनच वर यायचा. काठावरच्यांचा धीर सुटायचा, त्याचा दम सुटत नसे. त्याच पुंजारामच्या खोकल्यातून रक्त पडलं आणि फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती.

नगरच्या दवाखान्यात किरणांचे उपचार ठरले. तो आणि बायको छबूबाई नगरातच त्याच्या मावसबहिणीकडं राहिले. मशीनवर काम करणारी सुकन्या पहिल्या दिवशी समजावून सांगू लागली.

"काका, तुम्ही श्वास घेता तशी गाठ वर-खाली होते. छाती भरून श्वास घ्यायचा आणि मी सांगेपर्यंत धरायचा. गाठ स्थिर राहिली की किरणं नेमकी तिच्यावर पडतील. बाजूचं चांगलं फुफ्फुस वाचेल."

पुंजाराम कितीतरी दिवसांनी हसला. "एवढंच व्हय? पोरी, दम धरन्यातच जल्म गेला माजा."

हात डोक्यामागं घेऊन तो आडवा झाला. समोरच्या पडद्यावर त्याच्या श्वासाची रेघ चढली, हिरव्या पट्ट्यात शिरली. तिथं ती स्थिर राहायला हवी होती. पण आत काहीतरी खुपलं, रेघ थरथरली आणि खोकल्यानं तो टेबलावरून उचलला गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"घाई नाही. घरी सराव करा," सुकन्या म्हणाली.

सकाळी अंगणात तो सराव करायचा. छबूबाई त्याच्या छातीवर हात ठेवून बसायची. त्याचा चेहरा काळानिळा पडला की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या आता."

"येईल गं. थांब जरा."

आलं नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी वाट बघण्यात अर्थ नाही. मग पोटावर दाब देणारी फळी आवळून, उथळ श्वासावरच उपचार सुरू झाले. गाठ थोडी हलणारच, म्हणून आजूबाजूची थोडी जास्त जागा किरणांखाली घ्यावी लागली. आपल्याला धरता आलं नाही त्याची भरपाई चांगलं फुफ्फुस करणार, एवढं पुंजारामला कळलं. फळीखाली तो मान वळवून पडून राही. सुकन्याकडं बघायची त्याला लाज वाटे.

उपचार अर्ध्यावर आले आणि त्याला पायऱ्या चढवेनात. फुफ्फुसाभोवती पाणी झालं होतं. सुईनं काढलं, पुन्हा भरलं. पाण्यात कॅन्सर सापडला. डॉक्टरांनी किरणं थांबवली. आता फक्त त्रास कमी करायची औषधं, म्हणाले.

निघताना सुकन्या दारापर्यंत आली. पुंजारामनं विचारलं, "पोरी, दम धरता आला असता तर?"

"तरी पाणी झालंच असतं, काका."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. काठावर प्रेत ठेवून आईबापांना तोही असंच सांगायचा, 'लगीच गेला, तरास न्हाई झाला.' खरं किती, खोटं किती, त्याला स्वतःलाही कधी ठाऊक नसायचं. त्यानं पुढं विचारलं नाही.

घरी आल्यावर त्याला आडवं होता येईना. बसूनच डोळा लागायचा आणि मान एकीकडं कलायची. उशा सरकत. शेवटी छबूबाई ओसरीवर त्याच्या पाठीला पाठ लावून बसू लागली. निवडायच्या धान्याचं सूप मांडीवर घेऊन ती दुपारभर तशीच बसे, हलत नसे.

"अवघाडलीस का?" तो विचारी.

"न्हाई," ती म्हणे. "तुमी निजा."