प्रत: सर्व खाती

हेवा आम्हा सगळ्यांनाच वाटला होता. लायसन कामतुकुलेनं तो टाईप केला, एवढाच काय तो फरक.

राजधानीत, लिलाँग्वेला, कॅपिटल हिलवर जितकी सरकारी खाती तितक्या रेकॉर्ड रूम, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आमचे फाईल नंबर शेजारच्या खात्याला कळत नसत, त्यांच्या फाईली आम्हाला सापडत नसत, आणि त्यातच आमची किंमत होती. आमच्या खात्यात कुठल्या कपाटात काय आहे ते लायसनला ठाऊक. मोठमोठे साहेब त्याच्या खिडकीशी येऊन आधी त्याची तब्येत विचारत, मग फाईल मागत. मी वर्षानुवर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते. माझी तब्येत कुणी विचारली नाही.

मग हुकूम आला की सगळ्या खात्यांचं रेकॉर्ड एकाच संगणकी पद्धतीत जाणार. टिपण पडद्यावर लिहायचं, शेरा पडद्यावर मारायचा, एका खात्याची फाईल दुसऱ्यानं आपल्या टेबलावरून उघडायची. खात्याखात्यांत फिरून हे शिकवायला एक माणूस हवा होता. लायसननं अर्ज केला, मीही केला. नेमणूक झाली अलिनाफेची.

अलिनाफे म्हणजे लायसनची बायको, पलीकडच्या इमारतीतली कनिष्ठ कारकून. फाईलला दोरी कशी ओवायची, पानांना नंबर कसे घालायचे, हे लग्नाआधी लायसननंच तिला शिकवलं होतं. लग्नानंतर ते त्यानं कुणाला विसरू दिलं नाही.

"बरं झालं की, मान घरातल्या घरात राहिला," मी म्हटलं.

"मायी सोको, तुमचा चहा गार होतोय," तो म्हणाला. आमच्याकडे मानानं बाईला मायी म्हणतात, पुरुषाला बाम्बो.

चहा मी प्यायले, पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. अलिनाफेला नेणारी-आणणारी गाडी संगणकवाल्या कंपनीची होती, आणि ती चालवायचा कंपनीचा इंजिनिअर, यान्खो. देखणा, पांढऱ्याशुभ्र बुटांचा. आमच्या खिडकीतून गाडी दिसे. जे दिसे ते मी लायसनला सांगे. आज ती पुढे बसली होती. आज त्यानं दार उघडून धरलं. आज दोघं एकाच पिशवीतून गोड, तळलेल्या मंदासी खात होते. पदरचं मी काही घातलं नाही. मंदासी खरंच एका पिशवीत होत्या.

"हसत होती का?" तो मान वर न करता विचारी.

"छे हो. खदाखदा म्हणावं असं काही नाही."

आमच्या खात्याची पाळी आली तेव्हा लायसन टाय लावून पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. अलिनाफे चितेंजेच्या छापील कापडाचा नवा झगा घालून आली आणि तिनं फळ्यावर आपलं नाव लिहिलं. तो झगा तिला शोभत होता, हे मला मुळीच आवडलं नाही.

"बाम्बो कामतुकुले, संगणक सुरू करता का?"

"करतो, मॅडम."

खोलीभर हशा पिकला. अलिनाफेही हसली, आणि यान्खो जरा जास्तच हसला.

"वर पिवळी पट्टी दिसतेय ना, तो सरावाचा भाग," ती म्हणाली. "तिथं हवं ते करा, काही बिघडत नाही. पट्टी नसेल तर तो खरा. त्याला आज हात लावू नका."

"सराव पोरांनी करावा," लायसन पुटपुटला. रेकॉर्ड रूमचा प्रमुख म्हणून खऱ्या भागाचा पासवर्ड त्याला सकाळीच मिळाला होता. त्यानं तोच उघडला. त्याच्या पडद्यावर पट्टी नाही हे मला दिसलं. पण वर्ग काही माझा नव्हता, शिकवणारी होती ना तिथं उभी.

"आता एक फाईल उघडा. विषय तुमच्या मनाचा."

कुणी पेनांची मागणी लिहिली, कुणी गळक्या छपराची तक्रार. लायसन दोन बोटांनी ठोकत होता. मी मान लांबवून वाचलं: 'प्रशिक्षिका श्रीमती अलिनाफे कामतुकुले यांच्याविषयी तक्रार. सदर बाई वर्गात विनाकारण हसतात. परक्या कंपनीच्या इंजिनिअरसोबत एकाच गाडीतून फिरतात. पद त्यांना झेपत नाही. त्यांच्या जागी अनुभवी, शक्यतो पुरुष कर्मचारी नेमावा.'

खाली 'प्रत' असा चौकोन होता. त्यात त्यानं लिहिलं, 'सर्व खाती'.

ही आम्हा रेकॉर्डवाल्यांची जुनी खोड. कागदाला वजन यावं म्हणून खाली 'प्रत: सर्व खाती' लिहायचंच. कागदाच्या दिवसांत त्या प्रती कुठं जात होत्या? एक साहेबाला, एक फाईलला, बाकीच्यांना पाकिटं मिळाली नाहीत म्हणून राहून जायच्या. टपाल नेणाऱ्यालाही ते कळत होतं. संगणकाला कोण सांगणार! लायसननं बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळ्या खात्यांत ती तक्रार जाऊन बसली.

संध्याकाळपर्यंत हिलवर ज्याला अक्षरओळख होती त्यानं ती वाचली होती. यान्खो म्हणाला, "मी पुसून टाकतो, कुणाला कळणारसुद्धा नाही." अलिनाफे म्हणाली, "नोंदलेलं पान काढायचं नसतं." तिचा चेहरा पडला होता, पण आवाज तोच, शिकवतानाचा.

आमच्या संचालक मायी चिसालेंनी लायसनला बोलावलं. फाईली धरायला मीही बरोबर होते.

"हे तुम्ही खरंच म्हणताय, की चुकून गेलं?"

एका वाक्यात सुटला असता. सराव समजून लिहिलं, माफ करा. पण ते म्हणायचं तर पट्टी ओळखता आली नाही असा कमीपणा घ्यावा लागणार, आणि समोर तर ती जागा रिकामी होताना दिसत होती. लायसननं टाय सारखा केला.

"अनुभवी माणूस हवा, एवढंच माझं म्हणणं."

"ठीक. चौकशी होईपर्यंत तिचं शिकवणं बंद. तोवर तुम्ही शिकवा, अनुभवी पुरुष."

परतताना तो जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला. आधी बायको, आता नवरा! या घराण्याबाहेर काही जायचंच नव्हतं.

पण वर्ग काही त्याला मानवला नाही. पहिल्याच खात्यात मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "बाम्बो, बायकोची तक्रार कुठल्या बटणानं करायची, ते आधी दाखवा." पुढच्या खात्यात तर फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं, 'प्रत: सर्व खाती'. घरी म्हणे अलिनाफे वेळेवर मक्याची न्सिमा वाढायची, उसिपाची मासळी तळायची, हात धुवायला पाणी धरायची आणि एक शब्द बोलायची नाही. हे त्यानंच मला सांगितलं. न विचारता सांगितलं, म्हणजे केवढं लागलं असेल पाहा.

मग अलिनाफेचे मामा थेट आमच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांच्या लग्नाचे जामीन तेच. घरात कुरबुर झाली की आधी त्यांच्याकडे जायचं, ही आमची रीत.

"जावई," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या लग्नात कोंबडा-कोंबडीची देवघेव झाली, आठवतं? ती कशासाठी? घरचं गाऱ्हाणं मामाकडे यावं म्हणून. तुम्ही ते सरकारात नेलंत. का, सरकारनं खाल्ला होता तुमचा कोंबडा?"

"मामा, चूक झाली. तुम्ही मिटवा."

"माणसं मला सांधता येतात, फाईल नाही. आधी ती बंद करा. मग या माझ्या ओसरीवर, ऐकून घेईन."

लायसन लगेच पडद्यासमोर बसला. तक्रार मागे घ्यायची तर कारण लिहावं लागतं आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची मान्यता लागते. आणि प्रत सर्व खात्यांना असल्यामुळे त्यावरचा शेरान् शेरा सर्व खात्यांना दिसतो. त्यानं लिहिलं, 'गैरसमजातून.'

पलीकडच्या इमारतीतून अलिनाफेचा शेरा आला. 'कारण अपुरे. गैरसमज कोणता?'

अख्ख्या हिलवरचा चहा थांबला. आमच्या खोलीत लायसनच्या खुर्चीमागं गर्दी झाली, मी सगळ्यात पुढं.

त्यानं घाम पुसला आणि लिहिलं, 'मत्सर.'

शेरा आला. 'कशाचा? इंजिनिअरचा की माझ्या कामाचा? स्पष्ट लिहावे.'

मागं कुणीतरी खो-खो हसलं आणि एकदम थांबलं. लायसनची बोटं हवेतच राहिली. खरं सांगते, मला त्याची कीव आली. मी त्याच्या कानाशी लागले. "इंजिनिअरचा लिहा. नवरा जळला की बायको आतून खूश होते. सुटाल."

"मायी सोको, त्या पोराचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून मी घेतलं," तो हळूच म्हणाला. "मला कधी त्याची भीती नव्हती. वर्गात आल्या आल्या तिनं फळ्यावर आपलं नाव लिहिलं ना, तेव्हा माझ्या पोटात दुखलं."

त्यानं लिहिलं, 'कामाचा,' आणि बटण दाबलं.

उत्तराला वेळ लागला. गर्दी कंटाळून पांगायला लागली तेव्हा शेरा आला. 'कारण खरे आहे. मान्य. फाईल बंद.' लगोलग मायी चिसालेंचा हुकूमही आला की अलिनाफेनं वर्ग पुन्हा सुरू करावेत.

वर्गाच्या चाव्या आणि शिकवण्याचे कागद लायसनकडे होते. ते न्यायला ती स्वतः आली. तो उठून उभा राहिला. सगळे आपापल्या पडद्यात तोंड घालून बसले, पण कान कुणाचे झाकलेले नव्हते.

"मी खरं लिहिलं," तो म्हणाला. "मायी सोको दुसरं लिहा म्हणत होत्या."

"माहीत आहे. त्यांचा आवाज जिन्यापर्यंत येतो." तिनं चाव्या मोजून न घेताच पिशवीत टाकल्या. "दुसरं लिहिलं असतंत तर खोटं म्हणून मी चार दिवस भांडले असते, आणि मग विसरले असते."

"मग आता?"

"बाहेरचं कुणी माझ्यावर जळलं की मी घरी येऊन तुम्हाला सांगायची. मायी सोको कशा बघतात, तेसुद्धा तुम्हालाच सांगितलं होतं." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आता तुम्ही जळता, हे मी कुणाच्या घरी जाऊन सांगू?"

लायसन तिचे कागद हातात धरून उभाच राहिला. तिनं ते त्याच्या हातातून सोडवून घेतले आणि ती वर्गावर गेली.