तुकिमिनने सिगारेट सोडल्याचं जेवण

तुकिमिनने सिगारेट सोडली, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो ज्यांनी सोडली नव्हती त्यांना.

सोडण्याचं कारण खिडकीच्या काचेपलीकडे होतं. नातू. दिवस भरायच्या आधीच जन्मलेला, फुप्फुसं नाजूक. लेकीने, वुलानने, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच सांगून टाकलं होतं, "बापक, तुमच्या अंगाला धुराचा वास येतोय तोवर बाळ तुमच्या हातात देणार नाही. रडलात तरी." तुकिमिन रडला नाही. काचेला नाक लावून त्याने नातू पाहिला, दुकानातली मिठाई पाहावी तसा, आणि तिथून निघाला तो थेट आरोग्य केंद्रात गेला.

तिथल्या नर्सबाई, बू एंडाह, त्याला आल्याच्या गोळ्या द्यायच्या. तलफ आली की चघळायची. तुकिमिन इतक्या चघळू लागला की, त्याने बांधलेल्या भिंतीला आल्याचा वास येतो, असं इतर गवंडी म्हणायला लागले. पण तलफ हा खरा प्रश्न नव्हताच. तलफेला नाही म्हणता येतं. माणसांना कसं म्हणायचं?

सेमारांगमध्ये गवंड्याला दुपारी घरमालकाने कॉफी द्यायची आणि कॉफीबरोबर लवंगेची सिगारेट द्यायची, ही रीतच. पहिल्या दिवशी तुकिमिनने हात जोडले, तर त्याला 'कांग मिन', म्हणजे मिनदादा, म्हणणाऱ्या मालकाचा चेहरा पडला.

"काय झालं, कांग मिन? कॉफी बिघडली का?"

"छे छे. मी सोडलीय."

"कॉफी?"

"सिगारेट."

"आमच्यावर राग नाही ना?"

आता राग नाही हे पटवून देण्याचा एकच मार्ग होता. तुकिमिनने दोन्ही हातांनी सिगारेट घेतली, आभार मानले आणि कानामागे खोचली. मालकाच्या जिवात जीव आला. मग हे रोजचंच झालं. भिंत बांधली, सिगारेट. कुणाचं गळकं छप्पर दुरुस्त केलं, सिगारेट. "सोडलीस ना, शाब्बास!" असं म्हणून शेजाऱ्याने पाठ थोपटली आणि सिगारेट दिली. घरी आला की तुकिमिन या सगळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, झाकण दाबून बसवायचा आणि गोळी चघळायचा.

आरोग्य केंद्रातल्या, श्वासातला धूर मोजायच्या यंत्रात त्याने फुंकर मारली तेव्हा बू एंडाह खुर्चीतून उठल्याच. "पाक तुकिमिन, तुमची फुंकर तर लहान मुलासारखी स्वच्छ आहे!" आनंदाच्या भरात त्यांनी ही बातमी गल्लीचे प्रमुख पाक सार्पिन यांना सांगितली. तिथेच घात झाला.

"आपल्या गल्लीत सोडणारा पहिला माणूस!" पाक सार्पिन म्हणाले. "शुभ आहे. जेवण घालायलाच हवं. रविवारी, तुझ्याच घरी."

तुकिमिनला नाही म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडून 'नाही' निघतानाच त्याचा 'बघू' व्हायचा, आणि 'बघू'चा अर्थ सगळी गल्ली 'हो' असाच लावायची. त्याच संध्याकाळी वुलानचा फोन आला: बाळाला हॉस्पिटलातून घरी सोडलंय, रविवारी घेऊन येते.

"बरंच झालं," बायको यातमी म्हणाली. "स्वयंपाक तयारच असेल."

रविवारी चटया अंथरल्या. पिवळ्या भाताचा शंकू मधोमध आला, सोयाबीनचं तळलेलं तेंपे आलं, कॉफी आली. आणि प्रत्येक चटईवर एकेक ग्लास आला, त्यात सिगारेटी उभ्या, फुलदाणीत फुलं लावावीत तशा.

"या कुठून आल्या?" तुकिमिनने विचारलं.

"तुमच्याच डब्यातल्या. विकत कशाला आणायच्या?"

"यातमी, हे सिगारेट सोडल्याचं जेवण आहे."

"मग पाहुण्यांपुढे नुसती कॉफी ठेवू? सिगारेट सोडली नि हात आखडला, असं म्हणतील लोक!"

प्रार्थना झाली. पाक सार्पिन यांनी भाषण केलं. "कांग मिन हा आपल्या सगळ्यांचा आदर्श आहे," असं म्हणून त्यांनी सिगारेट पेटवली. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या पेटवल्या. थोड्याच वेळात समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसेनासं झालं.

त्या धुरात वुलान दारात उभी राहिली. तिने बाळाचं तोंड दुपट्याने झाकलं आणि तशीच मागे सरकली.

"बापक!"

"मी नाही ओढली!" तुकिमिन धावत बाहेर आला.

"शर्टाला वास येतोय."

"अल्लाशपथ सांगतो, पोरी," दारातून पाक सार्पिन ओरडले, "तुझ्या बापाने एकही ओढली नाही! सगळ्या आम्हीच ओढतोय!" आतून सगळ्यांनी दुजोरा दिला. दुजोऱ्याबरोबर आणखी धूर आला.

वुलान गल्लीच्या टोकाला, नळापाशी जाऊन थांबली. तुकिमिन न्हाणीत घुसला. डोकं दोनदा घासलं, कान घासले, मिशी घासली. धुतलेला शर्ट घालावा तर कपाट त्याच धुराच्या खोलीत. शेवटी ओल्या लुंगीवर, उघड्या अंगाने, तो गल्लीतून चालत गेला. लेकीने त्याचे केस हुंगले, हात हुंगले, आणि बाळ त्याच्या हातांत दिलं.

एका विटेएवढंही वजन नव्हतं. पण विटेला ऊब नसते. बाळाने एक डोळा उघडला, आजोबाला पाहिलं आणि मिटला. तुकिमिन श्वास रोखून उभा राहिला.

हा प्रसंग बघायला सगळी पंगत उठून आली. हातात सिगारेटी तशाच.

"तिथेच थांबा!" तुकिमिन ओरडला. "पुढे येऊ नका! घरी जा सगळे!"

पंगत जागच्या जागी थांबली. तुकिमिनला ओरडता येतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळालाही नव्हतं; ते रडायला लागलं.

"बिचारा," पाक सार्पिन हळहळले. "एकदम सोडली की माणूस असा चिडचिडा होतो. एक द्या रे त्याला."

कुणीतरी दिली. ती घेऊन पाक सार्पिन पुढे आले. तुकिमिनचे दोन्ही हात गुंतलेले. जन्मात पहिल्यांदाच त्याच्याकडे न घ्यायला कारण होतं, आणि तेही इतकं सुंदर. पाक सार्पिनना ते दिसलं. ते समजूतदारपणे हसले, अगदी जवळ आले, आणि सिगारेट त्याच्या कानामागे खोचली. त्यांची स्वतःची, पेटलेली, दुसऱ्या हातात होती.

वुलानने बाळ परत घेतलं.

"बापक," ती म्हणाली, "पुन्हा आंघोळ."

तुकिमिनने रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग कानामागची सिगारेट काढली आणि पाक सार्पिन यांच्या खिशात परत ठेवली.

"काय झालं, कांग मिन?" ते दचकले. "आमच्यावर राग नाही ना?"

"आहे," तुकिमिन म्हणाला, आणि आंघोळीला गेला.