नवसाचा पत्रा

माझा नवरा निकानोर पॅरिसहून परत आला तो बाईचा चेहरा एकदम तीन बाजूंनी बघायला शिकून. मेक्सिको शहरात तेव्हा मोठमोठ्या भिंती रंगवायचं वारं होतं. सरकारला मुठी आवळलेले शेतकरी हवे होते, आणि ह्याचे शेतकरी म्हणजे नुसते त्रिकोण. भिंत मिळाली नाही. ह्याने प्रदर्शन भरवलं, तर डॉन फाउस्तोने पेपरात लिहिलं, "हा परदेशाचं उष्टं वाढतो." फाउस्तो म्हणजे तेव्हाचा बडा कलापारखी. त्याने नाक मुरडलं की चित्रकार संपला. त्या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'वा' ऐकायचं, एवढंच निकानोरच्या मनात उरलं.

पोट काही 'वा'ची वाट बघत नाही. निकानोर नवसाचे पत्रे रंगवू लागला. कुणी घोड्यावरून पडून वाचलं, कुणाचं पोर तापातून उठलं, की आमच्यात मारियामातेला पत्र्यावरचं चित्र वाहतात. वर माता, मध्ये संकट, खाली दोन ओळी आभाराच्या. रंगवणाऱ्याने आपलं नाव घालायचं नाही. नवस ज्याचा, पत्रा त्याचा.

काही वर्षांनी फाउस्तोनेच चर्चमधले पत्रे गोळा करून प्रदर्शन भरवलं. आम्ही गेलो, तर निम्मे पत्रे आमच्या स्वयंपाकघरात रंगवलेले! फाउस्तो लोकांना सांगत होता, "या हाताने शाळा पाहिलेली नाही. म्हणून तर हा खरा."

निकानोरचे कान लाल झाले होते. मला राहवेना.

"डॉन फाउस्तो, तो हात हा बघा. माझ्या नवऱ्याचा."

सगळे हसले. "चोनाबाई," फाउस्तो म्हणाला, "तुमच्या नवऱ्याला सरळ कोंबडी काढता आली असती, तर भिंत नसती का मिळाली?"

"मग उद्या या घरी. तुमच्यासमोर काढेल."

आला. आमच्या एकुलत्या एक धड खुर्चीत बसला, आमच्याकडची पुल्के दारू पीत. निकानोरने मला काढलं, आदल्या हिवाळ्यात तापाने फणफणलेली. दाराशी टोपी हातात घेऊन गुडघे टेकलेला तो स्वतः. त्या वेळी तो खरंच तसा बसला होता, माझ्यासाठी. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा चेहरा त्याने एकच काढला. मला रडू आलं.

फाउस्तोने पत्रा खिडकीशी नेऊन पाहिला. "कारागिरी उत्तम. पण नक्कल. शिकलेला माणूस अडाणी व्हायला गेला की लगेच कळतं." मिशा पुसून निघून गेला.

"खरं असेल त्याचं," निकानोर म्हणाला.

"मेल्याने पुल्के तेवढी खरी ढोसली!"

तो हसला नाही. खालच्या दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या, त्या राहिल्याच. नवस खरा होता म्हणून पत्रा तसाच चर्चमध्ये टांगला आणि पुन्हा ब्रशला हात लावला नाही. सरकारी कचेऱ्यांना चुना मारायला जाऊ लागला. मिळाल्या एकदाच्या भिंती! त्या चुन्यानेच त्याची छाती खाल्ली.

तो गेल्यावर चर्चमधला पत्राही गेला. फाउस्तोची माणसं घेऊन गेली म्हणे. आता तो संग्रहालयात काचेमागे आहे. खाली फाउस्तोचे शब्द: 'अनामिक. अक्षरशत्रू हाताचं सर्वांत निर्मळ काम.' ज्याला नक्कल म्हणाला, तोच पत्रा मेल्याला ओळखू आला नाही.

मृतांच्या दिवशी आमच्यात घरोघर वारलेल्या माणसाचा फोटो मांडून त्याला जेवू घालतात. निकानोरचा फोटो आमच्याकडे नाही. दाराशी गुडघे टेकलेला तेवढाच तो. म्हणून यंदा झेंडू आणि गोड पाव घेऊन मी तिकडेच गेले. काचेखाली ठेवते न ठेवते तोच पहारेकरी धावला.

"मावशी, इथं काही ठेवायचं नाही."

"अरे, हा माझा नवरा. अंथरुणात आहे ती मी. हे त्यानेच काढलंय."

त्याने वाकून पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. पोरगा वाईट नव्हता.

"त्यांनी काढलं असतं, तर नाव नसतं का लिहिलं, मावशी?" म्हणाला, आणि झेंडू गोळा करून माझ्या पदरात घातले.