उजव्या कोपऱ्यातलं टिंब

आमच्या थिएटरात सिनेमा कधी मध्येच थांबला नाही, असं दादा सांगायचा, आणि त्यात काडीची फुशारकी नव्हती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चौतीस वर्षं त्यानं वरच्या खोलीत मशीन चालवलं आणि मी खालच्या खिडकीत बसून तिकिटं फाडली. एके काळी इतकी गर्दी असायची, की लोक खिडकीतून हात घालून माझ्या बांगड्या ओढायचे. मग ती ओसरली. आधी बाल्कनी बंद झाली, मग पंखे, मग कँटीन. शेवटी शेवटी दुपारच्या खेळाला अकरा माणसं यायची, त्यातली चार नुसती झोपायला. त्या झोपलेल्यांसाठीसुद्धा दादा तितक्याच काळजीनं रीळ बदलायचा.

"अरे, घोरणाऱ्याला काय कळतंय?" मी म्हणायचे.

"मला कळतं ना," तो म्हणायचा. असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

एका रिळात वीसेक मिनिटांचा सिनेमा मावतो, म्हणून खोलीत दोन मशीनं शेजारी शेजारी असायची. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक टिंब क्षणभर दिसतं. त्या टिंबाला दुसरं मशीन सुरू करायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरं टिंब येतं, त्याला उजव्या हातानं दांडा ओढायचा, की इकडचा उजेड बंद आणि तिकडचा चालू. चुकलं तर पडदा पांढराफटक आणि खाली शिट्ट्या. पाहणाऱ्यांना ही टिंबं कधी दिसत नाहीत. तिकिटं संपली की वर जाऊन दादाशेजारी उभं राहून राहून मला दिसायला लागली. दुसऱ्या थिएटरात गेलो, तरी टिंब आलं की आम्ही दोघं एकदम एकमेकांकडे बघायचो आणि हसायचो.

मग मालकांनी थिएटर एका कंपनीला दिलं. कंपनीनं खुर्च्या बदलल्या, भिंती रंगवल्या. जुने, लोकांच्या आवडीचे सिनेमे लावायचे असं ठरलं. कंपनीचे साहेब मला म्हणाले, "चाचणीचा खेळ नीट पार पडू दे. तुमचे भाऊ मग इथेच." दादानं लग्न केलं नाही, त्याला पत्ते येत नाहीत, शेजाऱ्यांची नावं माहीत नाहीत. ती खोली गेली तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, याची मला खरंच भीती वाटत होती.

जुनी मशीनं भंगारात गेली आणि कपाटाएवढं एकच नवं आलं. दादानं वहीत बटणांची चित्रं काढून तीन दिवस घोकंपट्टी केली.

"एकदा चालू केलं की शेवटपर्यंत आपोआप चालतं," तो म्हणाला.

"मग तू काय करायचं?"

"बसायचं," तो म्हणाला, आणि वही मिटली.

चाचणीच्या दिवशी दुपारी तीनचा खेळ लागला. कित्येक वर्षांनी सगळ्या खुर्च्या भरल्या. खिडकी बंद करून मी चहा घेऊन वर गेले. दादा इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर ताठ बसला होता. सिनेमा जुन्या प्रिंटवरून कॉम्प्युटरवर उतरवलेला होता. वीसेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात टिंब आलं.

प्रिंटवरचं टिंब तसंच उतरलं होतं. दादा उठून उभा राहिला. मला सगळं समजलं होतं. सात-आठ सेकंद माझ्या हातात होते, आणि मी चहाचा कप सावरत बसले. दुसरं टिंब आलं. त्याचा उजवा हात गेला तो थेट जुन्या दांड्याच्या जागी, आणि तिथं आता नवं मशीन बंद करायचं लाल बटण होतं.

मशीनचा दिवा विझला. तो थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. वीस मिनिटं खाली अंधार होता, आधी शिट्ट्या, मग खुर्च्यांचे आवाज. दादा आपल्या हाताकडे बघत उभा होता.

मी धावत साहेबांकडे गेले. "दादाची चूक नाही हो. टिंब आलं ना, त्यामुळे झालं," म्हणून सगळं समजावून सांगितलं. साहेब भला माणूस होता. त्यांनी शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं आणि वर माझे आभारही मानले. आठवड्याभरानं त्यांचं पत्र आलं. मशीन यापुढे कंपनीच्या ऑफिसातून चालवलं जाईल, खोलीत कुणी बसायची गरज नाही. आणि मी लक्षात आणून दिल्याप्रमाणे सगळ्या जुन्या सिनेमांतली टिंबं पुसून काढली आहेत. माझ्या तोंडानं मी हे घडवून आणलं होतं. टिंबांचं मी दादाला सांगितलं नाही.

थिएटर आता छान चालतं. दादा पहिल्यांदाच तिकीट काढायला खिडकीशी आला, तेव्हा मी त्याच्याकडे न बघता तिकीट दिलं. शेवटची रांग, खोलीच्या बरोबर खाली. अर्धा सिनेमा झाल्यावर मी दाराच्या फटीतून पाहिलं. तो पुढे वाकून उजव्या कोपऱ्याकडे टक लावून बसला होता.

सिनेमा सुटला. गर्दी निघून गेली तरी तो खिडकीशी थांबून राहिला.

"एकही टिंब दिसलं नाही मला," तो हळूच म्हणाला. "तुला दिसतात अजून?"

खरं सांगावं तर टिंबं माझ्यामुळे गेली. न सांगावं तर त्याच्या लेखी त्याचे डोळे गेले. मी गल्ला बंद करत राहिले.

"दिसतात," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "मग डोळ्यांचंच आहे. उद्या डॉक्टरकडे येशील माझ्याबरोबर?"

"येईन," मी म्हणाले.